दारोदार थांबणारी काकू

टेम्पो घ्यायचा ठरला त्या सकाळी घरात जे भांडण झालं, त्यात एक पातेलं दूध सांडलं, मांजराची चंगळ झाली आणि बाकी कुणाच्याच पदरात काही पडलं नाही. दूधवाल्यानं सरळ सांगून टाकलं, की महिनाअखेरीला टेम्पो दारात येणार आणि त्याच दिवशी व्यापारी घोडी घेऊन जाणार. त्याची पोरगी धार काढत बसली होती, ती तशीच ताडकन उठली आणि म्हणाली, घोडी गेली तर मीही जाईन. कुठं जाशील, असं बापानं अगदी शांतपणे विचारलं. जायला जागा असती तर ती केव्हाच गेली असती.

"आणि व्यापारी काही तुला नेणार नाही," काकू चुलीपुढून म्हणाली. "तो कामाचं जनावर बघून घेतो."

काकू म्हणजे दूधवाल्याच्या धाकट्या भावाची बायको. धाकटा भाऊ लवकर गेला, पोरीची आई त्याच्याही आधी गेली, आणि उरलेल्या तिघांनी एकमेकांना सांभाळत, म्हणजे एकमेकांच्या अंगावर खेकसत, घर चालवलं. चौथी घोडी. आणि त्या घोडीचं नावही काकूच होतं. घरात दोन काकू असल्या की काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं. "काकूला पाणी पाजलं का" असं बाप अंगणातून ओरडायचा आणि स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज यायचा.

हे नाव पोरीनंच पाडलेलं. घोडी दुधाची गाडी ओढायची. गाव उतारावर पसरलेलं, प्रत्येक घराला पुढं अंगण आणि अंगणाला पांढरं लाकडी फाटक. घोडी रतिबाच्या प्रत्येक फाटकापुढं आपली आपण थांबायची. मग खरी काकू गाडीतून उतरणार, मापानं दूध घालणार, घरातल्या बाईशी सासू, सून आणि गुडघा या तिन्ही विषयांवर बोलून घेणार, आणि किटलीचं झाकण ठण्णकन बसवणार. ते झाकण वाजल्याशिवाय घोडी पाऊल उचलायची नाही. गारा पडोत, मागून ट्रॅक्टरवाला बोंबलत असो, बाई आपल्या उभ्या. पुढं पुढं तर ज्यांनी रतीब कधीच बंद केला होता त्यांच्या दारातही ती थांबायला लागली. फाटक दिसलं की थांबायचं, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पोरगी तेव्हा एवढीशी होती. गाडीत बसल्या बसल्या चार लोकांत म्हणाली, "ही पण आमच्या काकूसारखीच. एक दार सोडत नाही." लोक हसले आणि नाव चिकटलं. खऱ्या काकूनं त्या दिवसापासून घोडीशी बोलणंच टाकलं. झाकण बसवल्यावर "चला, झालं दूध" असं ती म्हणायची, पण ते गाडीच्या चाकाकडं बघून.

पोरीचंही नाव लोकांनीच ठेवलेलं, खिंकाळी. ते का ठेवलं हे सांगायची खरं तर गरज नाही. शाळेत बाईंनी हजेरी घेतली की इतर पोरं हजर म्हणायची, ही खिंकाळायची. दुकानात साखर आणायला चौखूर जायची आणि वाटेत निम्मी साखर घोडीला देऊन दुडक्या चालीनं परत यायची. तोंडात दोरीचा तुकडा धरून दिवसभर हिंडायची. काकूनं एकदा तिला गोठ्यात घोडीच्या पोटाला पाठ लावून झोपलेली बघितली, कान धरून उठवली आणि विचारलं, की तुला पुढं करायचंय तरी काय? पोरगी डोळे चोळत म्हणाली, घोडे. काकूनं देवाला हात जोडले आणि तिला आंघोळीला पाठवलं. वय वाढलं, खिंकाळणं थांबलं, पण उत्तर तेच राहिलं. एवढ्या वर्षांत त्यात काही सुधारणा झाली नाही, असं काकूचं म्हणणं.

गावाबाहेर माळावर घोडेस्वारीची शाळा होती. शहरातली माणसं तिथं मोटारीतून यायची, चकचकीत बूट घालायची आणि घोड्यावरून पडायची. खिंकाळी तिथं कामाला लागली, तेव्हा तिला वाटलं की आता आपलं झालं. झालं काय तर तिच्या हातात फावडं आलं. रोज लीद काढायची, गवत टाकायचं, घोड्यांना खरारा करायचा आणि पडलेल्या गिऱ्हाइकांची धूळ झटकायची. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त असायचं, आणि त्यातही डॉक्टरांचं. गावातले डॉक्टर, अंगानं भारदस्त, हौस दांडगी. दर आठवड्याला येऊन ते ठरल्यासारखे तिच्या लीदगाडीपाशी पडायचे. घोडा एकदा सुटला की थांबायचा नाही, हे त्यांचं दुखणं. खिंकाळी त्यांना उठवताना हळूच सांगायची, की डॉक्टर, टाचा खाली ठेवा, लगामाला लोंबकळू नका, तोंड आहे ते त्याचं. डॉक्टर मान डोलवायचे. शेवटी त्यांनी येणंच सोडलं. ते एकटे नव्हते, शाळेची गिऱ्हाइकं अशी पडून पडून कमी होत चालली होती.

टेम्पोवरून भांडण झालं त्याच दिवशी खिंकाळी मालकीणबाईंपुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, मला शिकवायला ठेवा. मालकीणबाई वाईट नव्हत्या, पण त्यांना शाळा चालवायची होती. त्यांनी घोडेमास्तरांकडं बघितलं. मास्तर सैन्यातल्या घोडदळातून निवृत्त झालेले, बसले तरी ताठ, जेवले तरी ताठ. ते म्हणाले, की नियम सगळ्यांना एकच आहे. वर्षाच्या स्पर्धेत जो अडथळ्यांची फेरी पुरी करील, तो शिकवायला उभा राहील. मात्र शाळेचे घोडे गिऱ्हाइकांसाठी आहेत, तुझा घोडा तू आण.

"आणते," खिंकाळी म्हणाली.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा बाप चहाचा कप तसाच धरून राहिला. दुधाच्या गाडीची घोडी, वयानं पोक्त, पोट हे असं, आणि ती उड्या मारणार? पण पोरीचा चेहरा बघून त्याला हसता येईना. तो म्हणाला, "हे बघ, मला काही हौस नाही घोडी विकायची. पण टेम्पो आला की तिला काम नाही, आणि बिनकामाचं तोंड पोसायला मी काही राजा नाही. तू शेवटापर्यंत जाऊन दाखव. घोडी राहील. मधेच बसलीस तर व्यापाऱ्याला मी अडवणार नाही."

मग सराव सुरू झाला. सुगी होऊन गेली होती, रानं मोकळी पडली होती. रतीब आटोपला की खिंकाळी घोडी सोडायची आणि खोगीर न घालताच वर चढायची. आधी तिला ओढ्याकाठचे चर ओलांडायला लावले. पलीकडं हिरवं गवत असलं की काकू चर ओलांडायची, त्यात काही विशेष नव्हतं. मग आडवे ओंडके टाकले. मग कडब्याच्या पेंढ्या रचल्या. दोन पेंढ्या तिनं खाल्ल्या, बाकीच्यांवरून उडी मारली. बघता बघता घोडी अशी उडायला लागली की बांधावर बसलेली म्हातारी माणसं पान खायची विसरली. पोट सावरत, कान टवकारून, धप्पकन पलीकडं. खिंकाळीला रात्री झोप येईना, इतका आनंद. बापसुद्धा एकदा बांधाआडून बघून गेला आणि गेलोच नव्हतो म्हणाला.

फक्त एक गोष्ट राहून गेली. फाटकावरून उडी मारायचा सराव कुणी केला नाही. करायचं कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्या घरात फाटक म्हणजे थांबायची जागा.

स्पर्धेच्या दिवशी वारा सुटला होता. माळावरची धूळ उडून बाकांवर बसलेल्या पाहुण्यांच्या चहात पडत होती. चहाचं दूध दूधवाल्याकडूनच घेतलेलं, त्यामुळं काकू किटल्या घेऊन चहाच्या तंबूपाशी उभी होती. आपण पोरीला बघायला आलो नाही, दूध घालायला आलोय, असं तिनं विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगून ठेवलं होतं. बाप कुंपणापाशी हाताची घडी घालून उभा होता. घोडेमास्तर टेबलामागं बसलेले, टेबलावर चौकटीला टांगलेली भली मोठी पितळी घंटा. स्वार बाद झाला की घंटा वाजायची आणि त्यानं मुकाट्यानं बाहेर पडायचं.

खिंकाळी घोडीवर बसून मैदानाच्या तोंडाशी आली. समोर एकही ओंडका नव्हता. सगळे अडथळे म्हणजे फाटकं होती. लाकडी, दोन बाजूंना दोन खांब, मास्तरांनी स्पर्धेसाठी खास पांढऱ्या रंगानं रंगवून घेतलेली. गावातली सगळी आळी उचलून माळावर आणून ठेवल्यासारखी.

आता मागं फिरणं शक्य नव्हतं. तिनं टाच मारली. काकू झोकात निघाली, धूळ उडाली, बाकांवरून वाहवा आली, आणि पहिल्या फाटकापुढं येऊन घोडी जी थांबली ती खिळ्यानं ठोकावी तशी. खिंकाळी तिच्या मानेवर गेली, गळ्याला मिठी मारून कशीबशी परत आली. बाकांवर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "आमचं अर्धा लिटर जास्त घाला." खिंकाळीनं टाच मारली, चुचकारलं, कानात गयावया केली. घोडीनं एक कान मागं वळवला आणि वाट बघत राहिली.

इकडं तंबूपाशी काकू खाली मान घालून दूध मापत होती. माप संपलं, हातानं सवयीनं झाकण उचललं आणि ठण्णकन बसवलं. घोडी जागच्या जागी उसळली आणि फाटकापलीकडं गेली. स्वतः खिंकाळीलाही कळलं नाही की आपण कधी उडालो. काकूनं मान वर केली, हातातल्या झाकणाकडं बघितलं, घोडीकडं बघितलं. घोडी दुसऱ्या फाटकापुढं जाऊन उभी राहिली होती. काकूनं आकाशातले ढग बघत बघत झाकण उचललं आणि पुन्हा आपटलं. घोडी पलीकडं.

मास्तर उठून उभे राहिले. त्यांच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नव्हत्या. बाहेरून मदत म्हणजे स्वार बाद. त्यांनी आधी किटल्या तंबूच्या मागं न्यायला माणूस धाडला आणि मग घंटेचा दोर ओढला. घोडी तेव्हा तिसऱ्या फाटकापुढं उभी होती. ठण्ण. घोडी पलीकडं.

मास्तरांना वाटलं, पोरीला ऐकू आलं नाही. ऐकू तिला स्वच्छ आलं होतं. बाद झालो, घोडी गेली, हे तिला त्या एका आवाजात कळलं होतं, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. पण घोडी पुढच्या फाटकाकडं निघाली होती आणि लगाम खेचायला हात उठेना. बाद व्हायचंच आहे तर फेरी पुरी करून बाद होऊ, असं तिनं ठरवून टाकलं. घोडी थांबली. मास्तरांनी चिडून घंटा वाजवली. घोडी पलीकडं. मास्तर लाल झाले, ओरडले, "थांबव तिला," आणि आणखी जोरात घंटा वाजवली. घोडी आणखी जोरात उडाली. जितक्या वेळा त्यांनी तिला बाहेर काढायला दोर ओढला, तितक्या वेळा त्यांनीच तिला फाटकं पार करून दिली. बाकांवरची माणसं पोट धरून हसत होती, मालकीणबाईंनी रुमाल तोंडाला लावला होता. दूधवाला मात्र हसत नव्हता. त्याची हाताची घडी सुटली होती.

शेवटच्या फाटकापाशी मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी दोर सोडला आणि घंटेला दोन्ही हातांनी मिठी मारली.

घोडी थांबली. घंटा नाही, झाकण नाही. हसणंही हळूहळू बंद झालं. नुसता वारा आणि उभी घोडी. खिंकाळी तिच्या पाठीवर घामानं भिजून बसली होती, आणि तिनं आता टाच मारायचंही सोडलं होतं. आयुष्यभर जिला थांबायला शिकवलं, तिला थांबलीस म्हणून कशाला मारायचं?

तेव्हा काकू तंबूपासून निघाली. पदर खोचून तरातरा चालत कुंपणाशी आली, दूधवाल्याला कोपरानं बाजूला सारलं आणि कुंपणावर हात ठेवून उभी राहिली. इथं चाक नव्हतं, गाडी नव्हती. बघायला दुसरं काहीच नव्हतं.

"काकू," ती म्हणाली. "काकू, चल गं बाई. झालं दूध."

घोडीनं दोन्ही कान तिच्याकडं वळवले. मग पोट सावरत, धप्पकन, शेवटचं फाटक.

मास्तरांनी निकाल दिला तो नियमाप्रमाणे होता. स्वार बाद. खिंकाळी खाली उतरली, घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली, आणि बापाकडं बघायची तिची हिंमत होईना. दूधवाला जवळ आला. बराच वेळ त्यानं घोडीच्या पाठीवरची धूळ झटकण्यात घालवला.

"बाद केलं मला, बाबा," ती म्हणाली.

"ते मास्तरांचं झालं," बाप म्हणाला. "मी शेवटापर्यंत जा म्हणालो होतो. एक फाटक सोडलं नाहीस. रतीब असाच घालतात." आणि एवढं बोलून तो टेम्पोवाल्याला शिव्या देत निघून गेला, ज्याचा या सगळ्यात काहीही दोष नव्हता.

घोडी राहिली. पण खिंकाळीच्या हातात दुसऱ्या दिवशी पुन्हा फावडंच होतं, आणि तसंच ते राहिलंही असतं, डॉक्टर आले नसते तर. ते मालकीणबाईंच्या ऑफिसात घुसले आणि म्हणाले, "मला ती घोडी पाहिजे. कालची. धावणारे घोडे मी पुष्कळ बघितले, पाठीवरून आणि खालूनही. मला थांबणारी हवी." त्यांच्या मागून शाळा सोडून गेलेली आणखी माणसं आली. कुणाचा मोडका हात गळ्यात, कुणाची बायको सोबत. सगळ्यांना थांबणारीच हवी होती.

मालकीणबाई त्याच संध्याकाळी दूधवाल्याच्या दारात आल्या. घोडी विकत मागितली, आणि व्यापारी ऐकून खाली बसेल असा भाव बोलल्या. दूधवाल्यानं तोंड उघडलं आणि पोरीकडं बघून मिटलं. टेम्पोचा हप्ता त्याच्या डोळ्यांपुढं नाचत होता, तरी मिटलं. याबद्दल त्याला मानलंच पाहिजे.

"घोडी विकायची नाही, बाई," खिंकाळी म्हणाली. "ती येईल ती माझ्याबरोबर येईल. आणि मी फावडं घेऊन येणार नाही. शिकवायला येईन."

"तू फेरीत बाद झालीस. मास्तर काय म्हणतील?"

"मास्तरांनीच घंटा वाजवून पुरी करून दिली की." हे काकू म्हणाली, चुलीपुढून. "आणि झाकण माझ्या हाताचं लागतं. नुसती घोडी नेऊन काय करणार, दारात बांधणार?"

मालकीणबाईंनी एकदा या काकूकडं, एकदा गोठ्यातल्या काकूकडं बघितलं आणि चहा मागितला.

आठवडाभरानं मास्तरांनी आपले जुने बूट आणून खिंकाळीपुढं ठेवले आणि म्हणाले, मोठे होतील, पुढं कापूस घाल. निकाल मात्र त्यांनी बदलला नाही. टेम्पोही आला. तो कुठल्याच दारात आपला आपण थांबत नाही, त्यामुळं दूधवाला रोज दोन-तीन फाटकं चुकतो आणि बायकांची बोलणी खातो.

शिकवायच्या पहिल्या दिवशी खिंकाळी त्या बुटांत मैदानाच्या मधोमध उभी राहिली. डॉक्टर घोडीवर चढले, म्हणजे दोघातिघांनी चढवले. काकू आपली शांतपणे चालत निघाली आणि पांढऱ्या फाटकापुढं जाऊन थांबली. डॉक्टरांनी डोळे मिटले होते ते उघडले. पडलो नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

खिंकाळीनं मागं वळून बघितलं. झाकण खुर्चीवर पडलं होतं आणि काकू तंबूपाशी मालकीणबाईंना आपल्या गुडघ्याचं सांगत होती. आत्ताशी कुठं उजव्या गुडघ्यावर आली होती, डावा अजून बाकी होता.

"काही करायचं नाही," खिंकाळी म्हणाली. "टाचा खाली ठेवा आणि बसून राहा. दूध घालून झालं की ती निघेल."